‘फॉल्स’ म्हणून फाइलला लागलेला कागद

२०२४च्या नवरात्रातली दुसरी माळ होती. ऑफिसला निघताना रोजचं छोटं मंगळसूत्र घातलं आणि ते डाव्या बाजूला रुतलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मंगळसूत्र तेच, मानही तीच. बोट घालून पाहिलं. उजवीकडे सहज जात होतं, डावीकडे जाईना. आदल्या रात्रीपासून मान दुखत होती खरी, पण बडोद्याच्या दांडिया बाजारात नवरात्रात झोप सगळ्यांचीच वेडीवाकडी होते. मी उशीला दोष देऊन मोकळी झाले होते. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून आणलं. “आखडलीय गं, बस इथे, चोळून देते.” चांगली दहा मिनिटं चोळली त्यांनी. मला बरंही वाटलं.

संध्याकाळी डावा हात जड झाला, बोटांत अंगठी अडकायला लागली. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कलर डॉपलर करायला पाठवलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी मानेवर प्रोब टेकवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. प्रोबखाली शीर चपटी व्हायला हवी. माझी होत नव्हती.

“बेन, मान कोणी चोळली तर नाही ना?”

मी खोटं बोलले. नाही म्हटलं. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

डाव्या इंटर्नल जुग्युलर शिरेत गुठळी होती. गुठळी पायात होते एवढंच मला माहीत होतं. त्यांनी विचारलं, गेल्या दीड महिन्यात काही ऑपरेशन, काही ट्रीटमेंट? आयव्हीएफ, मी म्हटलं. पोट फुगलं होतं का? हो, तीन दिवस ॲडमिट होते. ते नुसतेच “अच्छा” म्हणाले. आयव्हीएफनंतर ओव्हरी फुगून गुठळी झाली तर ती बऱ्याचदा पायात होत नाही, मानेत किंवा हातात होते, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

त्या रात्री ज्या हॉस्पिटलात नेलं तिथल्या तरुण फिजिशियननी एक शहाणपणाचं काम केलं. रक्त पातळ करणारं पहिलं इंजेक्शन देण्याआधी चार नळ्या रक्त काढून ठेवलं. “हेपरिन गेल्यावर काही टेस्ट नीट येत नाहीत,” एवढंच म्हणाले.

आता मागे जाते.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. व्हाउचर आणि बिलं जुळवायची, न जुळणारं बाजूला काढायचं. हे सांगायचं कारण पुढे येईल. २०२१मध्ये मला एकदा दिवस गेले होते, आपोआप. आठव्या आठवड्यात ठोके दिसले आणि अकराव्यात थांबले. “पहिलं कधी कधी जातं,” असं सगळे म्हणाले, डॉक्टरही म्हणाल्या. त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही. मला पीसीओएस आहे, म्हणजे ओव्हरीत अंड्यांच्या पिशव्या फार. अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच ७.२. शेवटी जुलै २०२४मध्ये अलकापुरीकडच्या एका क्लिनिकात नाव घातलं. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

सुरुवातीलाच नवरा-बायको दोघांचं रक्त घेतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि व्हीडीआरएल. व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची, गुप्तरोगाची चाचणी. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी ओट्याशी होते, हात कणकेचे. कोपराने स्क्रीन सरकवली. नवऱ्याचे चारही नॉन-रिॲक्टिव्ह. माझे तीन नॉन-रिॲक्टिव्ह आणि चौथ्यापुढे ठळक अक्षरात: रिॲक्टिव्ह, १:४.

पुढचे चार दिवस घरात जे झालं ते लिहायला अजून जड जातं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. नवरा ताट वाढून घेऊन टीव्हीसमोर बसायचा. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर त्याने एकच विचारलं, “अहमदाबादला तू दोन वर्षं होतीस ना?” लग्नाआधी मी तिथे नोकरी करत होते. मी उत्तर दिलं नाही. सासूबाईंना वाटलं आमचं पैशांवरून बिनसलंय. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप स्वतःच्या पासबुकातले चाळीस हजार देऊ केले.

पाचव्या दिवशी टीपीएचए नावाची पक्की चाचणी आली. नॉन-रिॲक्टिव्ह. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाई हसून म्हणाल्या, “बायॉलॉजिकल फॉल्स पॉझिटिव्ह आहे, होतं असं. चिंता ना करो.” मी तिथेच रडले. नवऱ्याने माझी पर्स धरली होती, ती धरूनच उभा राहिला. कागद फाइलला लागला. पेनाने वर लिहिलं: फॉल्स +ve. विषय संपला.

मलाही तो संपायलाच हवा होता. रोज व्हाउचर तपासणाऱ्या मला एक साधा प्रश्न सुचला नाही. चाचणी कशाला तरी चिकटलीच ना? मग कशाला?

ऑगस्टच्या शेवटी इंजेक्शनं सुरू झाली आणि विश्वामित्रीला पूर आला. तो पूर बडोद्यात कोणाला सांगायला नको. सोसायट्यांत मगरी आल्या, लोक गच्चीवर राहिले. आमची लाइट गेली. अंडी वाढवणाऱ्या एफएसएच इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागू नये म्हणून नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलं. काळ्या घोड्याकडून पलीकडे जायचा पूल बंद, अलकापुरीचं गरनाळं, रेल्वेखालचा रस्ता, तर साध्या पावसातही भरतं. सहाव्या दिवसाची सोनोग्राफी तीन दिवस लांबली. फोनवर सांगितलं, डोस तोच चालू ठेवा. गेले तेव्हा दोन्ही ओव्हऱ्यांत मिळून सव्वीस फोलिकल, अंड्यांच्या पिशव्या, होती. स्क्रीन बघणाऱ्या मुलीने मोजणं मध्येच सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ट्रिगरचं, म्हणजे अंडी शेवटची पिकवायचं इंजेक्शन एचसीजीचं दिलं. पीसीओएसवालीला ते दुसऱ्या औषधाने देता येतं आणि तसं केलं की ओव्हरी फुगण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, हे मला नंतर कळलं. पुराचं खापर कोणावर फोडता येत नाही. ट्रिगरचं येतं.

पिकअपच्या, म्हणजे अंडी काढायच्या सकाळी भूलतज्ज्ञ फाइल चाळताना थांबले. “एपीटीटी ४८ सेकंद? कंट्रोल ३० आहे. दात काढताना, पाळीत, कधी जास्त रक्त जातं?” नाही म्हटलं. घरात कोणाला? नाही. त्यांनी क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारलं, दोघं दाराशी दोन मिनिटं बोलले, आणि “लॅबचा फरक असेल” म्हणत मला आत घेतलं. एपीटीटी वाढलं म्हणजे रक्त उशिरा गोठतं, म्हणजे रक्तस्रावाची भीती. रक्तस्राव झाला नाही. त्यामुळे हाही कागद फाइलला लागला. एकवीस अंडी मिळाली. ताजं ट्रान्सफर, म्हणजे लगेच गर्भ आत सोडणं, रद्द, सगळे गर्भ गोठवायचे ठरलं, आणि तो निर्णय योग्यच होता.

७ सप्टेंबरला गणपती बसले. आमचा दीड दिवसांचा. मोदकांच्या उकडीचा वास आला आणि मला उलटी झाली. पोट तंबोऱ्यासारखं ताणलं होतं. शिवणाच्या टेपने मापलं, बेंबीवर ७८ सेंटिमीटर होतं ते ९१. वजन चार दिवसांत साडेपाच किलो वाढलं आणि लघवी मात्र दिवसाला जेमतेम दोन वाट्या. विसर्जनाची मंडळी सुरसागरच्या बाजूला निघाली तेव्हा आम्ही रिक्षातून उलट्या दिशेने ॲडमिट व्हायला निघालो होतो. पोटातून दोन लिटर पाणी काढलं. लिंबू सरबतासारखं पिवळसर होतं.

ओव्हरी फुगते तेव्हा शरीरात अशी द्रव्यं सुटतात की रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. त्यात व्हीईजीएफ आहे, आणि एरवी सूज आणि जंतुसंसर्गाच्या वेळी प्रतिकारशक्ती जी रसायनं सोडते तीही आहेत. रक्तातलं पाणी पाझरून पोटात जमतं आणि शिरांत उरतं ते दाट रक्त. रक्त किती दाट ते सांगणारं माझं हिमॅटोक्रिट ४७ झालं होतं. तीन दिवस रक्त पातळ ठेवायचं छोटं इंजेक्शन दिलं, घरी सोडताना बंद केलं. पोट दहा-बारा दिवसांत ओसरलं. सगळ्यांना वाटलं, संपलं.

ज्या चार नळ्या त्या रात्री काढून ठेवल्या होत्या त्यांचा रिपोर्ट घेऊन मी हिमॅटॉलॉजिस्टकडे, रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी क्लिनिकची अख्खी फाइल मागवून घेतली होती. ते पानं उलटत होते आणि मी समोर बसून, माझे साहेब ऑडिटच्या दिवशी बसतात तशी, टेबलाच्या कडेला हात ठेवून. त्यांनी तीन कागद बाहेर काढले. २०२१चा सोनोग्राफी रिपोर्ट, अकरा आठवडे. व्हीडीआरएल. एपीटीटी. ते माझ्या बाजूला वळवून ठेवले आणि चौथा, नवा, त्यांच्या शेजारी: ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी ६८, अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन पॉझिटिव्ह.

“हे चार नाहीत, एकच आहे,” ते म्हणाले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, एपीएस. १९८३मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचं नीट वर्णन केलं.

मग त्यांनी व्हीडीआरएलची गोष्ट सांगितली. १९०६मध्ये बर्लिनला वासरमान यांनी सिफिलिसची रक्तचाचणी काढली. पुढे लक्षात आलं की रोगी माणसाच्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, ज्याला चिकटतात ते द्रव्य सिफिलिसच्या जंतूचं असायलाच हवं असं नाही, निरोगी हृदयाच्या अर्कातही ते असतं. १९४१मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी ते बैलाच्या हृदयातून शुद्ध करून काढलं, म्हणून नाव कार्डिओलिपिन. एक प्रकारची चरबी, आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतही असते. व्हीडीआरएल आजही विचारते ते एवढंच: या रक्तात कार्डिओलिपिनला चिकटणारं काही आहे का? माझ्या रक्तात होतं. सिफिलिसमुळे नव्हतं, पण होतं.

“मग फॉल्स काय होतं त्यात?” मी विचारलं.

“प्रश्न सिफिलिसचा होता, त्या प्रश्नापुरतं फॉल्स.”

एपीटीटीचं कोडं मला जास्त आवडलं. नळीत रक्त उशिरा गोठतं आणि अंगात गुठळ्या होतात, हे कसं? त्यांनी पंगतीचं उदाहरण दिलं. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना बसायला फॉस्फोलिपिडचे पाट लागतात. लॅबच्या नळीत मोजकेच पाट मांडलेले असतात, माझे प्रतिपिंड आधीच त्यांवर बसतात, म्हणून पंगत उशिरा उठते. अंगात मात्र पाटांची कमतरता नाही. तिथे हेच प्रतिपिंड रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला आणि प्लेटलेट्सना डिवचतात आणि गुठळीची तयारी करून ठेवतात. त्यावर आयव्हीएफचं इस्ट्रोजेन, दाट झालेलं रक्त, आणि बसून राहणं. गर्भाचंही तसंच. वारेच्या पेशींवर हे प्रतिपिंड चिकटतात, ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रतिकारशक्तीची फौज तिथे उतरते आणि वार नीट रुजत नाही. अकराव्या आठवड्यात काय झालं असावं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मी काही खाल्लं म्हणून नाही, स्कूटर चालवली म्हणूनही नाही.

एकाच चाचणीवर हे निदान पक्कं करत नाहीत. २००६च्या निकषांप्रमाणे किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण तापानंतर, इन्फेक्शननंतर असे प्रतिपिंड तात्पुरते येऊन जातात. म्हणून क्लिनिकच्या डॉक्टरांची बाजूही मांडते. मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्या म्हणाल्या, फॉल्स पॉझिटिव्ह कितीतरी जणींना येतो, प्रत्येकीची हजारोंची चाचणी कशी करणार? बरोबर आहे. नुसता व्हीडीआरएल असता तर मी काहीच म्हटलं नसतं. पण तीन कागद एका फाइलीत होते, एकाच बाईचे. ते एकत्र वाचणं कोणाचं काम होतं? यावर त्या म्हणाल्या, “तुमचे गर्भ आमच्याकडे सुरक्षित आहेत.” मी तो वाद तिथेच सोडला. गर्भ खरंच त्यांच्याकडे होते.

रक्त पातळ ठेवायला सुरुवातीला इंजेक्शनं, मग वॉरफॅरिनच्या गोळ्या. नवी, सोपी, तपासणी न लागणारी औषधं मिळतात, पण तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असणाऱ्यांत ती कमी पडतात असं डॉक्टर म्हणाले. वॉरफॅरिन म्हणजे आयएनआर, रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, २ ते ३च्या मध्ये ठेवायचा आणि हिरव्या पालेभाज्या रोज सारख्याच प्रमाणात खायच्या. उत्तरायणाला शेजारच्या मासींनी उंधियूचा डबा पाठवला, मेथीच्या मुठियांनी भरलेला. तीन दिवस दोन्ही वेळा खाल्ला. आयएनआर १.६. हिमॅटॉलॉजिस्टनी कपाळाला हात लावला. दर जानेवारीत बडोद्यात हेच होतं, म्हणाले. त्याच महिन्यात दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली.

जूनमध्ये पहिलं ट्रान्सफर झालं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायच्या होत्या, म्हणून लेट्रोझोल देऊन स्वतःचंच अंडं वाढवून पाळी जुळवली. त्याने इस्ट्रोजेन फारसं चढत नाही. वॉरफॅरिन गर्भाला घातक, त्यामुळे आधीच पुन्हा इंजेक्शनांवर आले: ६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, शिवाय रात्री ॲस्पिरिन ७५. दिवस राहिले का ते सांगणारा रक्तातला बीटा आला शून्याजवळ.

त्यानंतर कोणीतरी सुचवलं म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी सल्ला घेतला. त्यांनी पाच मिनिटांत एनके सेलची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ‘नॅचरल किलर’ पेशींची रक्तचाचणी आणि इंट्रालिपिडची सलाईन लिहून दिली. “तुमचे किलर सेल बाळाला मारतात.” नावातच किलर आहे, घाबरवायला सोपं. खरं म्हणजे गर्भाशयातल्या एनके पेशी रक्ताच्या त्या एनके पेशींपेक्षा वेगळ्या वागतात, आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदतच करतात. इंट्रालिपिड म्हणजे मुख्यतः सोयाबीनचं तेल. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांची ‘एश्रे’ ही संस्था २०२३च्या शिफारशींत रक्तातल्या एनके पेशींची तपासणीही नको म्हणते आणि इंट्रालिपिडही. मी हिमॅटॉलॉजिस्टना विचारलं. “तुमच्या प्रतिकारशक्तीत एक गोष्ट बिघडलीय आणि तिचं औषध चालू आहे. दुसरी शोधून कशाला पैसे घालवता?” एक ट्रान्सफर तर असंही फसतं, हेही त्यांनीच सांगितलं.

ऑगस्ट २०२५मध्ये दुसरं ट्रान्सफर. बीटा पॉझिटिव्ह आला.

इंजेक्शनांबद्दल थोडं लिहिते, कारण कोणी नीट सांगत नाही. सिरिंज भरलेलीच येते, आत हवेचा एक बुडबुडा असतो. तो काढायचा नाही, शेवटचा थेंब त्यानेच ढकलला जातो. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून पोटाची चिमटीत घडी धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश, घडी शेवटपर्यंत सोडायची नाही. नंतर चोळायचं तर मुळीच नाही. मिरची लागल्यासारखी आग होते, वीस मोजेपर्यंत. सकाळी डावी बाजू, रात्री उजवी. तरी पोट जांभळ्या-पिवळ्या डागांनी भरलं. सोनोग्राफीच्या मुलीने कुर्ता वर केल्यावर तिचा चेहरा पाहून मीच म्हटलं, “मार नाही खाल्लेला, औषध आहे.”

हे औषध डुकराच्या आतड्यातून काढतात. चाचणी बैलाच्या हृदयावर, औषध डुकराच्या आतड्याचं, आणि घरात चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. मान चोळण्याबद्दलही नाही. त्या रोज रात्री सिरिंजचं झाकण हातात घेऊन बसतात आणि मोठ्याने वीस मोजतात.

बाराव्या आठवड्यात नाव नोंदवलं तेव्हा पुन्हा सगळं रक्त तपासलं, गर्भारपणात व्हीडीआरएल करतातच. मी संपर्कासाठी नवऱ्याचा नंबर दिला होता. रविवारी दुपारी लॅबमधून फोन आला. तो मटार सोलत बसला होता, फोन स्पीकरवर. पलीकडचा मुलगा आवाज बारीक करून म्हणाला, “साहेब, मॅडमचा एक रिपोर्ट जरा... तुम्ही एकटे आहात का?”

“व्हीडीआरएल ना?” नवरा म्हणाला. “रिॲक्टिव्ह असेल, १:४ वगैरे. असणारच. टीपीएचए करून टाका, तो निगेटिव्ह येईल. आणि त्यावर नुसतं फॉल्स लिहू नका, एपीएस लिहा. स्पेलिंग सांगू?”

त्याने स्पेलिंग सांगितलं. मग माझ्याकडे न बघता शेंगा पुढे सरकवल्या.